साताऱ्याचं आलं, इंद्रायणी तांदूळ आणि चिनी पद्धतीची झोऊ

झोऊ म्हणजे भरपूर पाण्यात तासभर शिजवलेला भात. आपली पेज आणि गुरगुट्या भात यांच्या मधला पदार्थ समजा. चिनी आहारशास्त्रात आजारातून उठलेल्या माणसापासून रोजच्या न्याहारीपर्यंत झोऊच चालते. सातव्या शतकातला वैद्य सुन सिमियाओ सांगत असे की आधी अन्नाने उपचार करावा, त्याने भागलं नाही तरच औषधाकडे वळावं. या शास्त्रात पदार्थ उष्ण, उबदार, सम, शीतल आणि थंड असे पाहतात. आपल्या घरच्या 'उष्ण पडतं, थंड पडतं' याच्याशी ही वर्गवारी नेहमी जुळत नाही. तीळ आपण उष्ण मानतो, तिकडे काळे तीळ सम. तेव्हा दोन्ही याद्या एकत्र कालवू नका.

परदेशी वाळवलेली फळं, मुळ्या महागात मागवायची गरज नाही. तांदूळ, आलं, मूग, कांद्याची पात या चिनी आहारातल्याच वस्तू आहेत आणि मंडईत रोज मिळतात.

दोन माणसांसाठी अर्धी वाटी इंद्रायणी आणि त्याच वाटीने पाच वाट्या पाणी घ्या. इंद्रायणी चिकट असल्याने मऊसर दाटपणा आपोआप येतो. बासमती घेतला तर तेवढा दाटपणा येत नाही. तांदूळ जुना असेल तर अर्धी-पाऊण वाटी पाणी वाढवा. तो धुऊन अर्धा तास भिजवा. तीन लिटरच्या जाड बुडाच्या पातेल्यात पाणी उकळल्यावरच तांदूळ टाका आणि पहिली पाच मिनिटं डाव सारखा फिरवा. याच वेळी दाणे तळाशी बसून चिकटतात, आणि एकदा खाली लागलं की करपट वास पूर्ण पातेल्याला येतो. मग आच अगदी मंद करून झाकण अर्धवट ठेवा. पूर्ण झाकलं तर उतू जाणारच. दर सात-आठ मिनिटांनी तळापासून ढवळा. साधारण पन्नास मिनिटांनी डाव उचलून बघा: धार सलग पडली, दाणे फुटून फुलासारखे उमलले आणि वर पाणी सुटलेलं दिसलं नाही की झालं. मध्येच घट्ट वाटलं तर उकळतं पाणी घाला. गार पाण्याने उकळी मोडते आणि झोऊ पाणचट लागते.

आलं शेवटच्या दहा मिनिटांत. दोन इंच तुकडा, सोलून, काडीसारखा चिरून. चिनी वैद्यकात आल्याची साल शीतल आणि गर उबदार मानतात, म्हणून ऊब हवी असेल तर साल काढायची. सातारी आलं जुनं, तंतुमय असेल तर ते जास्त तिखट लागतं. मग तुकडा निम्मा करा. मीठ अगदी शेवटी. पाटण, जावळीकडे धो-धो पावसात अंगात हुडहुडी भरली, नाक वाहू लागलं की पातीच्या कांद्याचे तीन-चार पांढरे बुडखेही यातच घाला. घाम येईल इतकी गरम खायची. ताप, घसा सुजणं, तोंड येणं असेल तर मात्र आलं-कांदा नको, साधी झोऊ बरी.

घाई असेल तर कुकर, पण तांदूळ-पाणी मिळून निम्म्याच्या वर भरू नका. फेस वर चढून शिट्टीची नळी तुंबते. एक शिट्टी, मग मंद आचेवर पंधरा मिनिटं, वाफ आपोआप जिरू द्या आणि उघडल्यावर रवीने हलकं घुसळा.

सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात आल्याची झोऊ बाजूला ठेवा आणि हिरव्या मुगाचं पाणी करा. हे चीनमध्ये उन्हाच्या झळांवर घरोघरी करतात. अर्धी वाटी सालासकट मूग, सहा वाट्या पाणी, झाकण ठेवून उकळल्यापासून पंधरा मिनिटं. साल फुटायला लागलं की वरचं हिरवं पाणी गाळून घ्या. बोअरच्या जड पाण्यात ते लगेच तांबूस होतं. शिजवायला आरओ फिल्टरचं पाणी घ्या, चार थेंब लिंबू पिळा, हिरवेपणा टिकतो. चवीला थोडी खडीसाखर. कोमट किंवा माठातल्यासारखं गार चालेल, पण फ्रीजमधलं नको. बर्फाळ पेयाने पचनाची ताकद खचते, असं या शास्त्रात मानतात. उरलेले मूग वाया घालवू नका, पुन्हा शिजवून आमटी करा. जुलाब किंवा थंडीने पोट दुखत असताना हे पाणी देऊ नये.

मधुमेह असणाऱ्यांनी नुसती झोऊ खाऊ नये. इतका शिजलेला भात साखर झपाट्याने वाढवतो. वाटी लहान ठेवा, सोबत उकडलेलं अंडं किंवा मुगाची उसळ घ्या. ताप तीन दिवसांत उतरला नाही किंवा जुलाब थांबत नसतील तर पातेलं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

उरलेली झोऊ फ्रीजमध्ये एक दिवस टिकते आणि थिजून घट्ट गोळा होते. गरम करताना एका वाटीला पाव वाटी उकळतं पाणी घालून मंद आचेवर ढवळायचं. आल्याच्या काड्या मात्र ताज्याच घाला.