आर्थिक संशोधन संस्थेत नव्याने रुजू होताना: आधी छापील आकडा जुळवा

अर्थशास्त्रात एमए करून संशोधन सहायक म्हणून येणाऱ्याच्या डोक्यात धोरणं आणि मॉडेलं असतात. टेबलावर येते ती कच्च्या आकड्यांची फाइल. दिल्लीतली एनसीएईआर ही आर्थिक संशोधन परिषद (स्थापना १९५६) असो, पुण्याची गोखले संस्था (१९३०) असो की रिझर्व्ह बँकेने मुंबईत उभी केलेली आयजीआयडीआर ही विकास संशोधन संस्था, नवख्याच्या वाट्याला येणारं काम बरंचसं सारखं असतं. मंत्रालय किंवा राज्य सरकार एखादा अभ्यास सोपवतं, त्याची व्याप्ती टीओआरमध्ये (कामाच्या अटी-शर्तींच्या कागदात) लिहिलेली असते आणि अहवालातल्या तक्त्यांचे आकडे सहायकाने काढायचे असतात. अनेक नेमणुका प्रकल्पापुरत्या कंत्राटी असतात. मुदत आणि मुदतवाढीचं काय, हे मुलाखतीतच विचारावं, त्यात संकोच नको.

रोजगाराचा प्रश्न आला की गाठ पडते पीएलएफएसशी, म्हणजे केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाशी. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या सर्वेक्षणाचा युनिट-लेव्हल (प्रत्येक कुटुंबाच्या आणि व्यक्तीच्या नोंदीचा) डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतो. सुरुवातीच्या वर्षांच्या फाइली म्हणजे अंकांच्या सलग ओळी, वर मथळे नाहीत. कितव्या स्थानापासून कितव्यापर्यंत काय आहे, ते सोबतच्या लेआउट फाइलमध्ये असतं. स्टेटा किंवा आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये वाचताना सगळे कोड अक्षर म्हणून वाचा, संख्या म्हणून नव्हे. कारण साधं आहे. उद्योगांच्या वर्गीकरणात गव्हाच्या लागवडीचा कोड ११११ नव्हे, पाच अंकी ०११११ आहे. संख्या म्हणून वाचला, किंवा मधेच एक्सेलमध्ये उघडून जतन केला, की पुढचं शून्य गळतं. मग पहिले दोन अंक घेतले की ११ येतात, आणि ११ हा पेयं बनवणाऱ्या कारखान्यांचा विभाग. गहू पिकवणारा शेतकरी एका क्षणात सरबताच्या कारखान्यात कामाला लागतो, आणि सॉफ्टवेअर कसलीही तक्रार करत नाही.

कुटुंबाची आणि व्यक्तींची फाइल वेगळी असते. जोडताना फक्त गाव-ब्लॉकचा क्रमांक आणि कुटुंब क्रमांक पुरत नाहीत. तिमाही, भेट, उपगट आणि दुसऱ्या टप्प्याचा स्तर हेही नोंदी जुळवण्याच्या किल्लीत हवेत, नाहीतर भलत्याच घरची माणसं एकत्र येतात. वार्षिक अंदाजासाठी केवळ पहिल्या भेटीची फाइल घ्यायची. २०२४ पर्यंतच्या रचनेत शहरी कुटुंबांना पुन्हा पुन्हा भेट दिली जात होती. त्या नोंदी मिसळल्या तर तीच घरं अनेकदा मोजली जातात.

सर्वाधिक घोटाळा मल्टिप्लायरचा, म्हणजे नमुन्यातली एक नोंद लोकसंख्येतल्या किती जणांसाठी उभी आहे ते सांगणाऱ्या गुणकाचा. फाइलमधला गुणक दोन दशांश स्थानं गृहीत धरून लिहिलेला असतो, म्हणून १०० ने भागायचं. एनएसएस आणि एनएससी (उप-नमुन्यातल्या आणि एकत्रित नमुन्यातल्या युनिटांची संख्या) हे फाइलमधले दोन रकाने सारखे नसतील तिथे मात्र २०० ने, कारण तिथे दोन उप-नमुने एकत्र येतात. वर्षाच्या अंदाजासाठी पुन्हा तिमाहींच्या संख्येने भागायचं. लोकसंख्या शंभरपट आली तर पहिला भागाकार राहिला, जवळपास चौपट आली तर शेवटचा. पण या दोन्ही चुका टक्केवारीत जवळजवळ दिसत नाहीत, कारण अंश आणि छेद दोन्ही सारखेच फुगतात. कुणी “मग लाखांत किती?” असं विचारलं की उघड्या पडतात. १०० आणि २०० मधला फरक विसरलात तर मात्र टक्केवारीही बिघडते.

म्हणून नवं काही काढण्याआधी छापील अहवालातला एक आकडा जुळवून घ्यावा. २०१७-१८ चा नेहमीच्या स्थितीनुसार (मागच्या ३६५ दिवसांवर आधारित) बेरोजगारी दर ६.१ टक्के आहे. तुमच्या कोडमधून तोच येत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. ९ च्या आसपास येत असेल तर बहुधा चालू साप्ताहिक स्थितीचा (मागच्या सात दिवसांचा) रकाना घेतला गेलाय. किंचित वेगळा येत असेल तर दुय्यम काम तपासा. मुख्य स्थिती ८१, म्हणजे बेरोजगार, पण दुय्यम कामाचा कोड ११ ते ५१ मधला, म्हणजे काम करणाऱ्यांचा, असेल, तर तो माणूस रोजगारात धरला जातो.

एकाच वर्षाचं गणित जमलं तरी वर्षांची तुलना वेगळीच डोकेदुखी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे होते. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला. दीर्घ मालिका हवी असेल तर पालघर परत ठाण्यात मिळवावा लागतो. खर्चाच्या आकड्यांचंही तेच. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत अन्नावरचा खर्च ७ आणि ३० दिवसांच्या आठवणीने शेजारशेजारच्या रकान्यांत विचारला गेला. उत्तरं एकमेकांवर प्रभाव टाकतात, त्यामुळे १९९३-९४ शी गरिबीची तुलना करण्यावरून मोठा वाद झाला. प्रश्नावली शेजारी उघडी न ठेवता दोन फेऱ्यांचे आकडे एका तक्त्यात मांडणं हा निव्वळ आळस आहे.

जीडीपीचंही तसंच. जानेवारी २०१५ मध्ये पायाभूत वर्ष २००४-०५ वरून २०११-१२ झालं आणि २०१३-१४ च्या वाढीचा ठळक आकडा ४.७ वरून ६.९ टक्क्यांवर गेला. त्यात संकल्पनाही बदलली होती: आधी घटक किमतीनुसार (अप्रत्यक्ष कर वगळून, अनुदानं धरून), नंतर बाजारभावानुसार. आकडे असे बदलतात, म्हणून मूळ फाइल उतरवल्याची तारीख तिच्या नावातच लिहा आणि त्या फाइलवर कधीही काम करू नका, तिच्या प्रतीवर करा.

संस्थेचं स्वतःचं क्षेत्र सर्वेक्षण असेल तर आलेला डेटा रोज संध्याकाळी बघा. मुलाखत अवाजवी लवकर संपलीय का, वयांचा शेवटचा अंक सतत ० किंवा ५ च येतोय का, एखाद्या गणकाच्या फॉर्ममध्ये लांब उपप्रश्न उघडणाऱ्या प्रश्नांना सतत “नाही” येतंय का? पथक जिल्ह्यात असेपर्यंत हे दुरुस्त होतं. ते परतल्यावर फक्त तळटीप लिहिता येते.

तक्ता वरिष्ठांकडे देण्याआधी पूर्ण कोड सहकाऱ्याच्या संगणकावर पहिल्या ओळीपासून चालवून घ्या. तुमच्याच मशिनवरच्या फोल्डरचा पत्ता, हाताने बदललेला एखादा रकाना असल्या गोष्टी तिथेच सापडतात. प्रत्येक तक्त्याखाली नमुन्यातल्या नोंदींची संख्या, वापरलेला गुणक आणि वयोगट लिहा. मसुद्यावरचे शेरे कधी कधी कित्येक महिन्यांनी येतात, आणि “तक्ता ४, तिसरी ओळ कशी काढली?” या प्रश्नाचं उत्तर तेव्हा त्या तळटिपेतूनच द्यावं लागतं.