रेडिओआयोडीनची तारीख मिळाली, आता मिठापासून बॅगेपर्यंतची तयारी

थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि रेडिओआयोडीनची, म्हणजे उरलेल्या थायरॉइड पेशी मारणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनच्या मात्रेची, तारीख मिळाली की कॅलेंडर तिथून मागे मोजत चला. सगळ्यात आधी आठवायचा तो सीटी स्कॅन. गेल्या दोन-तीन महिन्यांत कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन स्कॅन किंवा अँजिओग्राफी झाली असेल तर आजच न्यूक्लिअर मेडिसिन विभागात सांगा. त्या एका इंजेक्शनमधून इतकं आयोडीन अंगात जातं की कमी आयोडीनचं पुढचं सगळं पथ्य वाया जाऊ शकतं, म्हणून तारीखच पुढे ढकलतात. हृदयासाठी अमिओडॅरोन हे आयोडीन असलेलं औषध चालू असेल तर तेही सांगा, पण ती गोळी मनाने थांबवू नका. बाळ अंगावर पीत असेल तर ते निदान सहा आठवडे आधी कायमचं सोडवावं लागतं. छातीत दूध असलं की किरणोत्सार तिथेही साठतो. गर्भधारणेची तपासणी होतेच, आणि उपचारानंतर किमान सहा महिने दिवस राहू द्यायचे नसतात.

थायरॉइडची रोजची गोळी साधारण तीन ते चार आठवडे आधी बंद करायला सांगतात. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, रक्तात ३०च्या वर जावा हा हेतू. तो वाढला की उरलेल्या पेशी आयोडीन जोमाने ओढतात. या काळात अंग जड होतं, चेहरा सुजतो, बद्धकोष्ठ होतं, प्रतिक्रिया मंदावते. गाडी चालवू नका आणि कामाचा भार आधीच कमी करून ठेवा. गोळी न थांबवता टीएसएचची इंजेक्शनं घेण्याचा मार्गही आहे, पण ती महाग आहेत.

पथ्य एक ते दोन आठवड्यांचं, आणि दिवसाला ५० मायक्रोग्रॅम आयोडीनच्या आत राहायचं. इथेच सगळ्यात मोठी चूक होते: लोक मीठच सोडतात. पथ्य आयोडीनचं आहे, मिठाचं नाही. थायरॉइडची गोळी बंद असताना मीठही तोडलं की रक्तातलं सोडियम घसरू शकतं, आणि वयस्कर माणसाला, विशेषतः लघवी जास्त व्हायची गोळी चालू असेल तर, ते धोक्याचं आहे. उलटी, गुंगी, गोंधळल्यासारखं वाटणं अशी लक्षणं दिसली की थेट दवाखाना.

आपल्याकडे विक्रीच्या मिठात निदान १५ पीपीएम, म्हणजे ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम, आयोडीन असावं लागतं. म्हणजे ५ ग्रॅमच्या एका सपाट चमच्यात ७५ मायक्रोग्रॅम, दिवसाची मर्यादा तिथेच ओलांडली. शिजवताना ते सगळं उडून जातं यावर विसंबू नका. त्याऐवजी उपासाचं सैंधव आणा, पण पाकीट उलटून बघा: काही सैंधवातही आयोडीन मिसळलेलं असतं. ‘आयोडाइज्ड’ हा शब्द किंवा हसऱ्या सूर्याचं चिन्ह दिसलं तर परत ठेवा. मिठागरातलं खडे मीठही नको. नवा डबा वेगळा ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा, नाहीतर भाजी चाखून कुणीतरी जुन्या डब्यातलं चिमूटभर घालतं.

बंद काय? समुद्राची मासळी, कोलंबी, सुकट, बोंबील, दूध, दही, ताक, पनीर, अंड्यातला पिवळा बलक, पाव-बिस्किटं, चायना ग्रास, सोया, लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स आणि हॉटेलचं सगळं. तयार कांदा-लसूण मसाल्यातही मीठ असतं, इडलीच्या विकतच्या पिठातही. लाल रंगाच्या गोळ्या-कॅप्सूल, आयोडीनवाली मल्टिव्हिटॅमिन आणि जखमेला लावायचं पोविडोन आयोडीन यांबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि चालतं काय? ज्वारी-बाजरीची भाकरी, भात, वरण, ताज्या भाज्या, फळं, बिनमिठाचे शेंगदाणे, तेल, गूळ, कोरा चहा, अंड्याचा पांढरा भाग, थोडं ताजं चिकन. सैंधव घातलेली साबुदाण्याची खिचडी तुपाऐवजी तेलात करा. आठवडाभराचा मसाला घरीच कुटून ठेवलात तर निम्मी धावपळ वाचते.

रेडिओआयोडीनची मात्रा ३० मिलिक्युरीपेक्षा (किरणोत्सार मोजायचं एकक) जास्त असेल तर आपल्याकडे वेगळ्या खोलीत काही दिवस राहावं लागतं. सोबत कुणी राहू शकत नाही, म्हणून बॅग विचारपूर्वक भरा: टाकून देता येतील असे जुने कपडे, घालून-काढून ठेवायला सोप्या चपला, नेहमीच्या औषधांची यादी, मोबाइल गुंडाळायला प्लास्टिकची पिशवी आणि लांब वायरचा चार्जर. दागिने घरीच ठेवा. लाळ सुटावी म्हणून लिंबाच्या गोळ्या घ्या, पण त्या पहिल्या दिवशी चघळायच्या की दुसऱ्या, हे तिथल्या टीमला विचारा. लाळग्रंथींच्या बाबतीत प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी असते. पोट साफ राहावं म्हणून इसबगोलसुद्धा आधीच विचारून घ्या, कारण आतड्यात अडकलेला आयोडीन-१३१ (हेच ते रेडिओआयोडीन) तिथेच किरणं देत राहतो. लघवी पुरुषांनीही बसून करायची, दोनदा फ्लश करायचं आणि पाणी भरपूर प्यायचं.

घरी वेगळी खाट आणि वेगळा टॉवेल तयार ठेवा. लहान मुलं आणि गर्भवती यांच्यापासून किती दिवस आणि किती अंतर राखायचं ते डिस्चार्ज देताना लिहूनच मागा. विमानप्रवास असेल तर उपचाराचा दाखलाही घ्या. काही विमानतळांवरची किरणोत्सार ओळखणारी यंत्रं आठवडे उलटल्यावरही वाजतात.