पुण्यात पियानो शिकायचा असेल तर आधी शिक्षक शोधा

पियानो शिकायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिली चर्चा वाद्याची सुरू होते. कुठल्या कंपनीचा, किती पट्ट्यांचा, किती हजारांचा. ही चर्चा महिनाभर पुढे ढकलली तरी चालेल. चुकीचं वाद्य विकता येतं. पण पहिल्या सहा महिन्यांत मनगट पाडून, सपाट बोटांनी वाजवायची सवय लागली की ती मोडताना नवा आणि जुना असे दोन्ही अभ्यास एकदम करावे लागतात, आणि पुष्कळ मुलं नेमकी तिथेच क्लास सोडतात. म्हणून आधी शिक्षक ठरवावा आणि वाद्य त्यांना विचारून घ्यावं.

पुण्यात पाश्चात्त्य संगीताचं जुनं ठिकाण म्हणजे कॅम्प. तिथली चर्च, कॉन्व्हेंट शाळा, पारशी आणि गोवन घरं यांच्यामुळे पियानो शिकवण्याची परंपरा तिथे टिकली. दस्तुर शाळेतल्या मझदा हॉलमध्ये पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम होतात. एखाद्या कार्यक्रमाला जाऊन बसा आणि मध्यंतरात शेजारच्यांशी बोला. शहरात कोण शिकवतं, हे श्रोत्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊक असतं. वाद्यांच्या दुकानातही विचारावं, मात्र दुकानाचा स्वतःचा क्लास असेल तर पहिलं नाव त्याचंच येणार हे धरून चालावं. सगळ्यात उपयोगी माणूस म्हणजे पियानो ट्यून करणारा. तो घरोघरी जातो, कुणाचं वाद्य नीट ठेवलेलं आहे आणि कुणाकडे विद्यार्थी वर्षानुवर्षं टिकतात हे त्याला माहीत असतं.

कोथरूड, औंध, बाणेर, विमाननगर या भागांत आता घरगुती क्लास भरपूर आहेत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर तासाभरात पाच नंबर येतात. फक्त 'कीबोर्ड क्लास' आणि 'पियानो क्लास' यांतला फरक फोनवरच विचारून घ्या. कीबोर्ड क्लासमध्ये बहुतेकदा उजव्या हाताने चाल आणि डाव्या हाताने ऑटो कॉर्ड (एक-दोन पट्ट्या दाबल्या की बाकी साथ वाद्यच वाजवतं), असं शिकवतात. गाणी पटकन बसतात, हौसेसाठी ते छानच आहे. पण त्या वाटेने पियानोचा डावा हात तयार होत नाही.

अंतराचा विचार कठोरपणे करा. धायरीहून संध्याकाळी सहाला कॅम्पात पोचायचं म्हणजे पाऊण तासाच्या क्लाससाठी अडीच तास जातात, आणि जुलैच्या पावसात दोन आठवडे हमखास बुडतात. वनाझ-रामवाडी मेट्रोने कोथरूडकरांची सोय झाली आहे, रूबी हॉल स्टेशनवर उतरून पुढे रिक्षा करता येते. तरीही लहान मुलासाठी अर्ध्या तासाच्या आतला बरा शिक्षक हा दीड तासावरच्या नामांकित शिक्षकापेक्षा योग्य.

दोन-तीन नावं हाती आली की डेमो क्लास मागा, आणि जमलं तर त्यांच्या एखाद्या चालू विद्यार्थ्याचा क्लास मागे बसून बघू द्या म्हणावं. ही विनंती रास्त आहे. तिथे शिक्षक स्वतः किती छान वाजवतात याकडे फार लक्ष देऊ नका, विद्यार्थी चुकल्यावर ते काय करतात ते बघा. एक साधा प्रसंग धरा. मूल उजव्या हाताने सी मेजर स्केल, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांवरची सी-डी-ई-एफ-जी-ए-बी-सी ही ओळ, वाजवतंय. बोटांचे आकडे अंगठ्यापासून १ ते ५ असे असतात, आणि या स्केलची बोटं आहेत १-२-३, मग १-२-३-४-५. म्हणजे सी, डी, ई झाल्यावर अंगठा मधल्या बोटाखालून सरकून एफवर यायला हवा. नवशिक्याचं इथे हटकून चुकतं. अंगठा पोचावा म्हणून कोपर पंखासारखं बाहेर उघडतं, मनगट खाली जातं आणि एफचा स्वर दणकन मोठा वाजतो. 'परत वाजव' एवढंच म्हणून दहा वेळा तेच करून घेणारा शिक्षक ती चूक पक्की करतोय. चांगला शिक्षक स्केल थांबवतो, फक्त ई-एफ-जी एवढे तीन स्वर हळू वाजवायला लावतो, कोपराला हलका हात लावून ते जागेवर ठेवतो आणि दुसरं बोट डीवर असतानाच अंगठा आत सरकायला शिकवतो. असं काही दिसलं तर शोध थांबवायला हरकत नाही.

आणखी एक खूण म्हणजे नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले स्वर वाचणं. पट्ट्यांवर अक्षरांचे स्टिकर चिकटवलेले असतील, किंवा पुस्तकात प्रत्येक स्वराखाली पेन्सिलीने सी-डी-ई लिहिलेलं असेल, तर मूल अक्षरं वाचतंय, नोटेशन नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी ठीक, सहा महिन्यांनंतरही तेच चालू असेल तर नाही.

पैशांचं बोलणं पहिल्याच भेटीत स्पष्ट व्हावं. फी महिन्याची की क्लासची, महिन्यात चार क्लास धरलेत की आठ, पाचवा शनिवार आला तर काय, तुम्ही बुडवलेला आणि सरांनी किंवा मॅडमनी रद्द केलेला क्लास भरून मिळतो का, गणपती-दिवाळीच्या सुट्टीत फी लागते का. ग्रुप क्लास असेल तर एका तासात किती जण आणि प्रत्येकाला स्वतंत्र वाद्य आहे का, हेही विचारा. एका तासात सहा मुलं आणि दोन वाद्यं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस मिनिटं येतात.

आता वाद्य. शिक्षक पियानो शिकवणार असतील तर घरी ८८ पट्ट्यांचा, वजनदार हॅमर ॲक्शनचा (म्हणजे पट्ट्या खऱ्या पियानोसारख्या जड लागणारा) डिजिटल पियानो लागतो. ६१ पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर पहिले तीन-चार महिने निभतात, तेही त्याला टच सेन्सिटिव्हिटी असेल तरच. म्हणजे हळू दाबलं की हळू आणि जोरात दाबलं की जोरात वाजलं पाहिजे. सोबत मिळणारं चौकोनी छोटं पेडल फरशीवर सरकतं, त्याखाली रबरी मॅट घाला.

बसण्याच्या उंचीकडे जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२-७३ सेंमी उंच असतात. घरातलं डायनिंग टेबलच ७५ सेंमीचं, त्यावर डिजिटल पियानो ठेवला की पट्ट्या ८५ सेंमीच्या वर जातात, खांदे कानाशी येतात आणि वीस मिनिटांत मान दुखते. मग 'मुलाला आवड नाही' असा निष्कर्ष निघतो. स्टँड घ्या, आणि स्टुलाची उंची अशी ठेवा की कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईल. लहान मुलाचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या.

जुना अकूस्टिक पियानो स्वस्तात मिळतोय म्हणून घेण्याआधी ट्यूनरला सोबत न्या. तारा ताणून धरणाऱ्या पिना सैल झाल्या असतील, फेल्टला कसर लागली असेल किंवा लाकडात वाळवी असेल तर तो फुकटही महाग पडतो. पुण्याचा एप्रिल कोरडा आणि जुलै दमट, त्यामुळे साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) फुगतो-आकसतो आणि स्वर हलतात. वर्षातून दोनदा ट्यूनिंगचा खर्च धरा. त्यातलं एक पावसाळा सरल्यावर करावं.

आपल्याकडे बरेच जण पेटीवरून पियानोकडे येतात. त्यांचा कान तयार असतो, हे मोठंच भांडवल आहे. अडचण वेगळी येते. पेटीवर डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे त्याची बोटं कोरी असतात. पेटीत आवाजाचं लहानमोठेपण हवेवर अवलंबून, पियानोत ते पट्टी किती वेगाने खाली जाते यावर. शिवाय काळी चारला (चौथ्या काळ्या पट्टीला) सा धरून वाजवायची सवय असलेल्याला सी कायम सीच राहतो हे डोक्यात बसायला वेळ लागतो. अशा विद्यार्थ्याने शिक्षकांना पहिल्याच दिवशी हे सांगावं, म्हणजे ते डाव्या हाताचे धडे वाढवतील.

सरावासाठी सहा-सात वर्षांच्या मुलाला रोज १५ मिनिटं पुरेत, मोठ्यांना ३०. रविवारी एकदम दीड तास बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. वेळ ठरलेली असावी, आणि गुरुवारी तुमच्या भागात देखभालीसाठी वीज जात असेल तर त्या दिवशी टाळ्यांवर ताल आणि नोटेशनचं वाचन करून घ्या.

परीक्षांचा विषय पालकच लवकर काढतात. इथे ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि एबीआरएसएम या दोन ब्रिटिश संस्थांच्या ग्रेड परीक्षा देतात. वयाची वरची मर्यादा नाही, आणि ग्रेड १ पासूनच सुरुवात करायला हवी असंही नाही. एबीआरएसएममध्ये मात्र ग्रेड ६ पासून पुढे बसायला ग्रेड ५ ची थिअरी (किंवा तिच्याऐवजी चालणारी परीक्षा) आधी पास असावी लागते. तिथल्या प्रॅक्टिकल ग्रेडचे गुण १५०, पास १०० ला. त्यातले तीन पीसचे (ठरवून तयार केलेल्या रचनांचे) ९०, उरलेले ६० स्केल्स, बघून वाजवणं आणि कानाच्या चाचण्या यांचे. वर्षभर तेच तीन पीस घोटून घेणाऱ्या क्लासमधली मुलं या ६० मध्ये घसरतात, आणि पास झाली तरी चौथा पीस स्वतःहून बसवू शकत नाहीत. शिक्षकांना विचारा, परीक्षेच्या पीसखेरीज वर्षात आणखी किती शिकवता? आठ-दहा छोटे पीस, असं काहीसं उत्तर हवं.

तीन महिन्यांनी एकदा तपासून बघा. कधीच न पाहिलेल्या चार ओळींचा सोपा धडा समोर ठेवा. मूल दोन्ही हातांनी, अडखळत का होईना, शेवटपर्यंत पोचलं तर क्लास ठीक चाललाय. अजिबातच सुरू करता आलं नाही तर आधी शिक्षकांशी बोला, आणखी दोन महिने द्या, मग बदला. बदलताना चालू महिन्याची फी पूर्ण देऊन, भेटून सांगून निघा. पुण्यातलं पियानोचं वर्तुळ छोटं आहे, पुढचे शिक्षक बहुधा आधीच्यांना ओळखत असतात.