धुराडं असूनही घरात धूर: माझा अनुभव

सोलापुरात कडक भाकरी गॅसवरही होते, पण आईला विस्तवच लागतो. म्हणून लाकूड, गोवऱ्या, दगडी कोळसा सगळं चालेल अशी धुराड्याची लोखंडी चूल घेतली. पावसाळी वारा सुटला की धूर उलटा घरात! दुकानदार म्हणाला, "लाकूड ओलं असंल." बाभळीची फाटी वर्षभर वाळलेली, एकमेकांवर आपटली की खणखण वाजायची. ओलं कुठलं?

गच्चीवर चढून बघितलं. धुराड्याचं तोंड कठड्याच्या खाली आणि शेजारीच पाण्याची टाकी. वारा टाकीवर आदळून सरळ पाइपात शिरत होता. वेल्डरकडून पाइप वाढवून तोंड टाकीच्याही वर नेलं, टोपी बसवली. पाइप उघडलाच होता म्हणून आत हात घातला, तर डांबरासारखी चकचकीत काजळी. ही पेट घेऊ शकते, त्यामुळे तारेच्या ब्रशनं सगळी खरवडली.

आता लाकूड जाळताना जाळीवर थोडी राख राहू देतो आणि वरची झडप उघडतो. कोळशाला मात्र हवा खालून लागते. तेव्हा जाळी झाडायची, खालची झडप उघडायची. तुराट्या पेटवणीला झकास, पण भसकन जळून जातात. पाइप गार असला तर आधी कागदाचा बोळा जाळतो, मग ओढ धरते.

खिडकी अजूनही उघडीच ठेवतो. निखाऱ्यांचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो.