क्लबच्या मिटिंगमध्ये एईडीचं ट्रेनिंग कसं ठेवायचं आणि मशीनचे पैसे कसे उभे करायचे

आमच्या क्लबने एईडी, म्हणजे अचानक बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं मशीन, घ्यायचं ठरवलं तेव्हा आम्ही सगळं उलटं केलं, आधी पैसे मागत फिरलो, मग मशीन आणलं आणि ट्रेनिंग सगळ्यात शेवटी. आता अर्ध्या मेंबरांनाच हे मशीन काय करतं ते सांगता येत नव्हतं, तर देणगी देणाऱ्याला काय कळणार कप्पाळ. म्हणून आधी ट्रेनिंग, मग वर्गणी, हा क्रम धरा, पुढचं बरंच सोपं होतं.

ट्रेनिंगसाठी वेगळा रविवार काढू नका, कोणी येत नाही. नेहमीच्या मिटिंगमध्येच घुसवा. मागच्या मिटिंगचं इतिवृत्त आधीच ग्रुपवर टाकून द्या, म्हणजे वाचत बसायला नको, ट्रेझररला पाच मिनिटं, सेक्रेटरीच्या सूचना पाच मिनिटं, आणि उरलेला पाऊण-एक तास पूर्ण ट्रेनिंगला. हार-गुच्छ आणि पाहुण्यांचा परिचय यात वीस मिनिटं घालवलीत तर शेवटी प्रॅक्टिस कापली जाते, हे आमच्याकडे दोनदा झालंय. शिकवायला सर्टिफाइड ट्रेनरच बोलवा, आणि बोलवतानाच दोन गोष्टी सांगा, स्लाइड कमी आणि छाती दाबायच्या प्रॅक्टिसचे पुतळे जास्त. तीन-चार जणांमागे एक पुतळा हवा, नाहीतर दोघं-तिघं दाबतात आणि बाकीचे मोबाइलवर शूटिंग करतात.

सुरुवातीला थोडी माहिती चालेल. हृदय अचानक बंद पडतं तेव्हा बऱ्याचदा ते आधी नुसतं थरथरत असतं, रक्त पुढे ढकलत नाही, ती थरथर शॉकने थांबवली की हृदयाला स्वतःची लय परत पकडायची संधी मिळते. सीपीआर (म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) आणि शॉक दोन्ही नसतील तर दर मिनिटाला वाचायची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते, म्हणून अँब्युलन्सची नुसती वाट बघत बसणं परवडत नाही. 1965 मध्ये बेलफास्टला फ्रँक पँट्रिज यांनी अँब्युलन्समध्ये नेता येईल असा डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला शॉक द्यायचं यंत्र, बनवला तो जवळपास 70 किलोचा होता, आणि आज तेच काम करणारा डबा एका हाताने उचलता येतो आणि वर तोंडाने सूचनाही देतो. एवढं बास, आता सगळ्यांना जमिनीवर बसवा.

माणूस पडलाय, हाक मारून खांदे हलवले तरी उत्तर नाही, श्वास नीट नाही, म्हणजे सुरू करायचं. इथे एक गोष्ट ट्रेनरकडून मुद्दाम करून दाखवून घ्या, हृदय बंद पडल्यावरही काही जण माशासारखे तोंड उघडून अधूनमधून आचके देतात आणि बघणाऱ्याला वाटतं श्वास चालू आहे. तो श्वास नव्हे. मग एकाकडे बोट करून सांगायचं, तुम्ही अँब्युलन्सला फोन लावा, दुसऱ्याला सांगायचं, तुम्ही एईडी आणा. आमच्या पहिल्या प्रॅक्टिसला सगळे एका सुरात ओरडले, अरे कोणीतरी फोन करा, आणि फोन कोणीच केला नाही.

छातीच्या मधोमध तळहात, कोपरं सरळ, मोठ्या माणसाला 5 ते 6 सेंटीमीटर खोल आणि मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायचं, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मोबाइलवर मेट्रोनोम (टकटक ठेका देणारं ॲप) 110 ला लावून ठेवा, ठेका आपोआप बसतो. ट्रेनिंग झालेले 30 वेळा दाबून 2 श्वास देतात, श्वास द्यायला येत नसेल किंवा धीर होत नसेल तर नुसतं दाबत राहिलं तरी चालतं. दोन मिनिटांत चांगला धडधाकट माणूस घामाघूम होतो, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायची प्रॅक्टिस पण करा.

मशीन आलं की पहिलं काम ते चालू करणं, पुढचं ते स्वतः सांगतं. एक पॅड उजव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली, दुसरा डाव्या बाजूला काखेच्या थोडा खाली, पॅडवरच चित्र असतं. आमच्यातल्या एका काकांनी पॅड अगदी बरोबर जागी ठेवले, हाताने दाबून पण घेतले, आणि मशीन आपलं पॅड लावा, पॅड लावा म्हणतंय, काका वैतागले की हे बिघडलंय. मागचं प्लास्टिक सोललंच नव्हतं! सगळे हसले, पण त्यानंतर ती चूक आमच्याकडे कोणी केली नाही, म्हणून म्हणतो प्रत्येकाच्या हाताखालून जाऊ द्या.

छाती ओली असेल तर पुसायची, फार केस असतील तर रेझर मारायचा, औषधाची पट्टी असेल तर काढायची, पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पॅड त्याच्यापासून जरा लांब. मशीन तपासत असताना आणि शॉक देताना कोणी हात लावायचा नाही, आणि शॉक दिल्यावर लगेच परत दाबायला लागायचं, मशीनकडे बघत बसायचं नाही. शॉकची गरज नाही म्हणालं तरीही तो माणूस शुद्धीवर येत नाही किंवा नीट श्वास घेत नाही तोवर दाबत राहायचं. अजून एक, बाईचे कपडे कापायला लोक कचरतात, यावर मिटिंगमध्येच मोकळेपणाने बोलून घ्या, पॅड उघड्या त्वचेवरच लागतात त्याला इलाज नाही. एक जुना शर्ट आणा आणि कात्रीने खरंच कापून बघा.

प्रॅक्टिसला ट्रेनर मशीन वापरा, त्यातून शॉक बसत नाही. खऱ्या मशीनचं पॅडचं पाकीट फोडलं तर जेल सुकून जातं आणि ते पॅड वाया.

आता पैसे. टार्गेट ठरवताना नुसती मशीनची किंमत धरू नका, सगळे इथेच फसतात. भिंतीवरची पेटी, जादा पॅड, मुलांचे पॅड, कात्री-रेझर-टॉवेलचं किट, आणि पुढच्या काही वर्षांत पॅड आणि बॅटरी बदलायला लागणारी रक्कम, हे सगळं एकत्र मांडा. पॅडवर एक्स्पायरी छापलेली असते आणि ती येतेच, आणि तेव्हाचे पदाधिकारी वेगळे असतात, त्यांना त्यात इंटरेस्ट असेलच असं नाही. म्हणून देखभालीचे पैसे हिशोबात वेगळ्या नावाने ठेवा, क्लबच्या इतर खर्चात मिसळू देऊ नका.

कल्पना भरपूर असतात, जुनी पुस्तकं, रद्दी, वॉकेथॉन, गाण्याचा कार्यक्रम. माझं मत विचाराल तर तिकीट लावून मोठा कार्यक्रम करायच्या भानगडीत पडू नका, हॉल, साउंड आणि छपाई देऊन हातात फारसं उरत नाही आणि मेंबर दमतात ते वेगळंच. त्यापेक्षा गर्दीच्या ठिकाणी परवानगी काढून टेबल टाका, खाली पुतळा ठेवा आणि येणाऱ्याला म्हणा, दोन मिनिटं दाबून बघा. ज्याने स्वतः दाबलंय आणि धापा टाकलेत त्याला मशीन कशाला हवं हे समजावावं लागत नाही. पावती तिथल्या तिथे द्या, आणि किती जमले, किती बाकी, हे टेबलावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

मशीन आल्यावर ते ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नका प्लीज, चावीवाला गावाला गेला की संपलं. जिथे माणसं असतात तिथे, दिसेल असं, पण तळपत्या उन्हात नाही. महिन्याला एकदा तयार असल्याची खूण किंवा हिरवा दिवा आणि पॅडची तारीख बघायची, बघणाऱ्याने शेजारी लावलेल्या कार्डावर सही करायची. आणि पेटीवर दोन मेंबरांचे नंबर लिहून ठेवा, कारण बॅटरी उतरली की मशीन टुकटुक वाजत राहतं आणि ऐकणाऱ्याला कोणाला सांगायचं तेच माहीत नसतं.