भूकंप आणि त्सुनामी : थांबायचं तिथे पळणं, पळायचं तिथे थांबणं, या चुका टाळा

घर हादरलं की पाय आपोआप दाराकडे वळतात. समुद्र अचानक मागे सरला की तेच पाय पुढे जाऊन बघायला निघतात. दोन्ही वेळा ही ओढ घातक ठरते. हादरे बसत असताना घरातली जागा सोडू नका, आणि किनाऱ्यावर असाल तर हादरे थांबल्यावर एक क्षणही तिथे रेंगाळू नका. यामागचं कारण एकदा समजलं की ऐनवेळी ते आठवतं.

हादरे सुरू असताना जिन्याकडे धावणं

भूकंपाच्या लाटा दोन खेपांत येतात. पहिली पी-लाट खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते, तर दुसरी एस-लाट साडेतीनच्या आसपास. म्हणून आधी एक धक्का बसतो, खिडक्यांची तावदानं वाजतात आणि मग घर आडवं हेलकावू लागतं. इमारतींचं खरं नुकसान होतं ते या आडव्या हेलकाव्यांनी. केंद्र ४० किलोमीटरवर असेल, तर दोन्हींमध्ये जेमतेम पाच सेकंद मिळतात. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरून कुणी खाली पोहोचत नाही, जिन्यात मात्र सापडतो.

भक्कम टेबलाखाली शिरा आणि त्याचा पाय धरून ठेवा. टेबल नसेल तर आतल्या भिंतीशी खाली बसून डोकं आणि मान हातांनी झाका. अंथरुणात असाल तर तिथेच राहा, डोक्यावर उशी घ्या. कपाट, काचा, माळ्यावरच्या ट्रंका यांपासून लांब. दाराच्या चौकटीत उभं राहायचा जुना सल्ला सोडून द्या, आजच्या फ्लॅटमधली चौकट काही भिंतीपेक्षा मजबूत नसते. दगडमातीच्या घरात मात्र दाराशीच असाल आणि समोर मोकळं अंगण असेल, तर बाहेर पडणंच बरं. लिफ्ट कुठल्याही परिस्थितीत नको.

'लहान धक्के बसले, म्हणजे ताण निघून गेला'

हा समज सर्वांत जास्त फसवतो. किल्लारी परिसरात १९९२ पासूनच लहान धक्के जाणवत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ क्षमतेचा भूकंप झाला आणि जवळजवळ दहा हजार माणसं गेली. भूकंपाची क्षमता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोन अंकांनी वाढली की हजार पट. म्हणजे ६.२ च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा मोकळी व्हायला ४.२ चे हजार धक्के लागतील.

त्या पहाटे पळायला सवड कुणालाच नव्हती, बहुतेक लोक झोपेत होते. जीव घेतला तो भिंतींनी. दोन-तीन फूट जाडीची दगडी भिंत, पण आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळा, मध्ये चिखल आणि दगडगोट्यांची भरती, वर धाब्याच्या मातीचं ओझं. हादऱ्यात दोन्ही थर फाकले आणि दगड अंगावर आले. कित्येक घरांत लाकडी खांब उभे राहिले, भिंती मात्र उरल्या नाहीत. असं घर आजही असेल तर ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवा, दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना बांधणारा सलग काँक्रीटचा पट्टा घाला आणि धाब्यावरची माती कमी करा. याला पर्याय नाही, कारण भूकंपाची तारीख-वेळ सांगणारं शास्त्र अजून कुणाकडेच नाही.

'समुद्र ओसरला तरच त्सुनामी येते'

दरवेळी तसं होत नाही. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ समुद्रतळ एका बाजूला उचलला गेला, दुसऱ्या बाजूला खचला. त्यामुळे थायलंडकडे पाणी आधी ओसरलं, तर श्रीलंका आणि तमिळनाडूकडे आधी फुगूनच आलं.

पहिल्या लाटेनंतर घरी परतणं

२२ मे १९६० ला चिलीत ९.५ क्षमतेचा भूकंप झाला. सुमारे १५ तासांनी त्याची त्सुनामी हवाईतल्या हिलो शहरात पोहोचली. भोंगे कित्येक तास आधीच वाजले होते. मध्यरात्रीनंतर आलेल्या पहिल्या लाटा लहान होत्या, म्हणून बरेच जण किनाऱ्याजवळच थांबले. एक वाजून गेल्यावर तिसरी लाट भिंतीसारखी आत घुसली आणि ६१ जण दगावले. या लाटांत काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत अंतर असू शकतं आणि मोठी लाट कितवी असेल ते आधी कळत नाही. प्रशासनाने धोका टळल्याचं सांगेपर्यंत खाली उतरू नका.

'अरबी समुद्रात त्सुनामी येत नाही'

२८ नोव्हेंबर १९४५ ला आजच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला आणि त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत आली, इथेही माणसं बुडाली. चार किलोमीटर खोल समुद्रात अशी लाट ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने धावते. मकरान लांब असल्याने कोकणात जमीन हललेली कदाचित जाणवणारही नाही, पण हाताशी थोडे तास असतात. म्हणून इथे भरवसा इशाऱ्यावर ठेवायचा. हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेतलं त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून ते काम करतं. इशारा मिळाला की गाडी काढू नका, अरुंद रस्त्यावर कोंडी होते. पायी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर चढा. सडा लांब असेल तर पक्क्या काँक्रीटच्या इमारतीचा तिसरा मजला किंवा त्याच्याही वर. खाडीकाठच्या वाड्यांनीही हेच करायचं, लाट खाडीतून बरीच आतवर शिरते.