मातीच्या रस्त्याने मुंगो राष्ट्रीय उद्यानात कसे जावे

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील मुंगो राष्ट्रीय उद्यान मिल्ड्युरा शहराच्या ईशान्येला सुमारे 110 किलोमीटरवर आहे. ज्या विलांड्रा सरोवर प्रदेशात ते मोडते, त्याला 1981 साली जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. नावात सरोवर असले तरी येथील पाणी हजारो वर्षांपूर्वीच आटले असून आज दिसतो तो झुडपांनी भरलेला सपाट तळ आणि त्याच्या पूर्व काठावरची वाळू-मातीची लांबलचक टेकाडे. मेलबर्न किंवा सिडनीत राहणाऱ्या, तसेच भारतातून तेथे फिरायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना स्वतःच्या गाडीने ही सहल करता येते. मात्र कोणत्याही बाजूने गेलात तरी शेवटी मातीच्याच रस्त्यावर उतरावे लागते, आणि त्या रस्त्यावर पावसाची सत्ता चालते.

म्हणून सर्वात आधी ऋतू आणि दिवस ठरवावेत. एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, पारा सहज 40 अंशांच्या वर जातो. उलट जून-जुलैच्या रात्री शून्याजवळ उतरतात, तेव्हा उबदार पांघरूण हवेच. आखणीत एक दिवस मोकळा ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. येथील मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे आहे. मराठवाड्यातील काळ्या रानात पावसाळ्यात चिखल चाकाला जसा थापल्यासारखा चिकटतो, तसाच अनुभव येथे थोड्याशा सरीनंतरही येतो. रस्ता निसरडा होतो, गाडी आडवी जाते, आणि चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या वाळल्यावर पुढच्या प्रत्येकाला त्रास देतात. त्यामुळे पाऊस पडताच रस्ते बंद केले जातात आणि बंद रस्त्यावर गाडी नेल्यास दंड होतो. ज्यांचे परतीचे विमान दुसऱ्याच दिवशी आहे, त्यांनी ढगाळ हवामानात हा बेत न केलेलाच बरा.

निघण्याच्या आदल्या दिवशी आणि पुन्हा निघण्याच्या सकाळी रस्त्यांची स्थिती पाहावी. राज्याच्या उद्यान विभागाच्या संकेतस्थळावर मुंगोसाठीच्या सूचना असतात, आणि बाल्रानाल्ड व वेंटवर्थ या स्थानिक परिषदा आपापल्या हद्दीतील रस्त्यांची माहिती देतात. प्रवेशशुल्क आणि मुक्कामाचे आरक्षण हेही याच वेळी उरकावे, कारण उद्यानात मोबाइलला रेंज मिळेल असे धरून चालता येत नाही. नकाशा आधीच फोनवर उतरवून घ्यावा आणि एक कागदी नकाशाही जवळ ठेवावा.

गाडीच्या बाबतीत एक गैरसमज दूर करायला हवा. रस्ता कोरडा असेल तर येथे फोर-व्हील-ड्राइव्हच हवी असे नाही; जमिनीपासून बऱ्यापैकी उंच असलेली साधी गाडीही सावकाश पोहोचते. परंतु गाडी भाड्याची असेल, तर करारातील मातीच्या रस्त्यांविषयीचे कलम नीट वाचावे. अनेक करारांत असे रस्ते वर्ज्य असतात, आणि तेथे नुकसान झाले तर विमा लागू होत नाही. परवानगी लेखी घ्यावी. काउंटरवर तोंडी मिळालेल्या होकारावर विसंबू नये.

इंधनाची टाकी मिल्ड्युरातच पूर्ण भरावी, कारण उद्यानात पेट्रोल मिळत नाही. जाऊन-येऊन 220 किलोमीटर आणि आतला फेरा 70 किलोमीटर, म्हणजे जवळपास 300 किलोमीटरचा हिशेब होतो. पाणी माणशी दिवसाला किमान पाच लिटर धरावे, आणि एक दिवस अडकून पडलो तर पुरेल इतके वर ठेवावे. सुस्थितीतील स्टेपनी, जॅक, हवेचा दाब मोजायचे यंत्र, छोटा पंप आणि प्रथमोपचार पेटी ही सोबत असावीच. संकटात उपग्रहामार्फत स्थान कळवणारा छोटा बीकन भाड्याने घेता आला तर अवश्य घ्यावा. खाण्याचे सर्व सामान बरोबरच न्यावे लागते. ज्या दिवशी संपूर्ण अग्निबंदी जाहीर होते त्या दिवशी चूल पेटवता येत नाही, आणि उद्यानांत गॅसच्या शेगडीवरही बंदी येते. तेव्हा दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी असा न शिजवता खाता येणारा शिधा फार उपयोगी पडतो. सरपण उद्यानात गोळा करू नये.

आता प्रत्यक्ष रस्ता. डांबर संपल्यावर गाडी बाजूला घेऊन टायरमधील हवा थोडी कमी करावी. एरवी 36 पीएसआय असेल तर 28 ते 30च्या आसपास. नरम टायर खड्यांवर कमी फाटतो आणि हादरेही कमी बसतात. मात्र हवा कमी केल्यावर वेगही कमीच ठेवावा लागतो, नाहीतर टायर तापतो. ताशी 60 ते 70 किलोमीटर पुरेसे आहेत. या रस्त्यांवर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा तयार होतात. त्यांवर वेग वाढवला की खडखडाट कमी जाणवतो, पण चाकांची पकड सुटलेली असते, आणि वळणावर ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. अचानक ब्रेक मारू नये, स्टिअरिंग झटक्याने फिरवू नये. समोरून वाहन आले की डावीकडे घेऊन वेग उतरवावा आणि धुळीचा लोट बसेपर्यंत सावकाश चालवावे, कारण त्या लोटामागे दुसरे वाहन असू शकते. दिवे दिवसाही लावावेत. पहाटे आणि सांजवेळी कांगारू व एमू रस्त्यावर येतात, म्हणून हा प्रवास उन्हे वर आल्यावर सुरू करून सूर्यास्तापूर्वी संपवावा. गाडी बंद पडलीच तर ती सोडून पायी निघू नये. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते, आणि सावलीही तिचीच असते.

पोहोचल्यावर प्रथम अभ्यागत केंद्र पाहावे. ही भूमी पाकांत्जी, नियांपा आणि मुथी मुथी या आदिवासी समाजांची आहे. भूवैज्ञानिक जिम बाउलर यांना 1968 साली येथे जळालेली मानवी हाडे आढळली आणि 1974 साली दुसऱ्या एका माणसाचा सांगाडा सापडला. ‘मुंगो लेडी’ आणि ‘मुंगो मॅन’ या नावांनी ओळखले जाणारे हे अवशेष सुमारे 40,000 वर्षांपूर्वीचे मानले जातात, आणि त्या स्त्रीचे दहन हे जगातील सर्वात जुन्या ज्ञात दहनविधींपैकी एक आहे. अभ्यासासाठी नेलेले हे अवशेष परत मिळवण्यासाठी या समाजांना अनेक वर्षे झगडावे लागले. ‘मुंगो मॅन’ 2017 साली स्वभूमीत परतला. 2003 साली येथे सुमारे 20,000 वर्षांपूर्वीची पावले उमटलेली सापडली. ओल्या चिकणमातीवर चाललेल्या माणसांच्या त्या खुणा आता संरक्षणासाठी पुन्हा वाळूखाली झाकल्या आहेत, पण केंद्राजवळील प्रतिकृतीत टाचेचा खोलगट ठसा आणि बोटांमधून वर आलेला चिखल जवळून पाहता येतो. जवळच 1869 साली बांधलेली, मेंढ्यांची लोकर कातरण्याची जुनी शेड आहे.

नंतर 70 किलोमीटरचा फेरा करावा. थांबत थांबत गेल्यास अर्धा दिवस सहज जातो. सुरुवातीलाच ‘वॉल्स ऑफ चायना’ ही टेकाडे लागतात. पश्चिमेच्या वाऱ्याने सरोवराच्या तळावरील वाळू व माती उचलून पूर्व काठावर रचली, त्यातून ती झाली. पुढे मेंढ्या आणि सशांनी गवत संपवले आणि उघड्या झालेल्या थरांतून प्राचीन चुली, शिंपले आणि माशांचे कानातले इवले खडे वर येऊ लागले. फळ्यांच्या मार्गाबाहेरचे एक पाऊलसुद्धा ते चुरडू शकते. म्हणून टेकाडांवर फक्त उद्यानाच्या वाटाड्यांबरोबरच जाता येते. बहुधा आदिवासी समाजातीलच असलेल्या या मार्गदर्शकांबरोबरची फेरी आधी आरक्षित करावी, ती चुकवू नये. दगड, हाड, शिंपला काहीही उचलू नये. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. सूर्यास्त पाहायचा असेल तर मुक्काम उद्यानातच हवा: मेन कॅम्प केंद्राजवळ आहे, तर बेलाह कॅम्प फेऱ्याच्या वाटेवर, अधिक एकांतात.

परतताना डांबर लागताच टायरमध्ये पुन्हा पूर्ण हवा भरावी आणि चाकांच्या आत अडकलेली माती काढावी, कारण ती वाळली की वेगात चाक थरथरते. मिल्ड्युराहून पुढे ॲडलेडकडे जाणार असाल, तर उरलेली ताजी फळे साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीपूर्वीच संपवावीत. यांबा येथील तपासणी नाक्यावर ती नेऊ देत नाहीत.